वजन, नैराश्य आणि ताण: शरीरात यांची गाठ नेमकी कुठे पडते?

धागालेखिका: सांजसावली

नमस्कार. गेली चार वर्षे मी नैराश्यावर उपचार घेत आहे आणि या चार वर्षांत माझे वजन १४ किलोंनी वाढले. दोन्हींसाठी मी दोन निरनिराळ्या डॉक्टरांकडे जात होते आणि माझ्या दोन निरनिराळ्या फायली होत्या. एका दवाखान्यात दारातच वजनकाटा होता, पण झोप लागते का, हे तिथे कोणी विचारले नाही. दुसरीकडे झोप, रडू येणे, कामात मन न लागणे यांविषयी सविस्तर बोलणे होत असे, पण तिथे वजनकाटाच नव्हता. पहिल्या डॉक्टरांनी एकदा फाईल मिटता मिटता "जिभेवर जरा ताबा ठेवा" असे सांगितले. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी दिवा न लावता बराच वेळ बसून राहिले आणि मग उठून डब्यात जे काही गोड होते ते उभ्याउभ्याच संपवले. पोटात भूक नव्हती, हे मला त्याही वेळी कळत होते. कळत असूनही हात का थांबला नाही, या एका प्रश्नापासून माझे वाचन सुरू झाले आणि त्यातून जे हाती लागले ते इथे मांडत आहे. मी डॉक्टर नाही. चुकले असेल तिथे जाणकारांनी दुरुस्त करावे.

हे दोन आजार एका माणसात केवळ योगायोगाने एकत्र येत नाहीत, हे मला सर्वांत आधी समजले. फ्लोरियाना लुप्पिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. ज्यांत माणसांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला होता असे १५ अभ्यास त्यांनी त्यात घेतले होते आणि सहभागींची एकूण संख्या ५८,७४५ होती. सुरुवातीला लठ्ठ असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी अधिक निघाली आणि सुरुवातीला नैराश्य असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची शक्यता ५८ टक्क्यांनी अधिक निघाली. माझ्या बाबतीत आधी काय बिघडले, या विचारात मी कितीतरी रात्री घालवल्या होत्या. वाट दोन्ही दिशांनी सारखीच वाहती आहे, हे या दोन आकड्यांनी मला पटवले.

ही वाट शरीरात कुठून जाते, हे पाहू. ताण आला की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच हे संप्रेरक सोडतो. त्याच्या निरोपावर पीयूषिका ग्रंथी एसीटीएच सोडते आणि ते रक्तातून मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचले, की तिथून कॉर्टिसॉल बाहेर पडते. अडचणीच्या वेळी शरीराला इंधन पुरवणे हे कॉर्टिसॉलचे काम आहे, म्हणून ते यकृताला साखर सोडायला लावते. काम उरकले की तेच कॉर्टिसॉल मेंदूकडे परत जाऊन, विशेषतः स्मरणाशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पसमधल्या ग्राहींना (पेशींतल्या निरोप घेणाऱ्या रेणूंना) चिकटून, "आता पुरे" असे कळवते. ताण घटकाभराचा असेल तर ही व्यवस्था उत्तम चालते. तो महिनोन्महिने टिकला तर मात्र हा परतीचा निरोप हळूहळू ऐकला जाईनासा होतो. तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांत नेमके हेच दिसते: डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड दिल्यावर शरीराने स्वतःचे कॉर्टिसॉल कमी करायला हवे, पण ते पुरेसे कमी होत नाही.

कॉर्टिसॉल फार वाढले तर काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कुशिंगचा आजार. हार्वे कुशिंग या शल्यविशारदांनी त्याचा पहिला रुग्ण १९१२ साली नोंदवला आणि १९३२ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. या रुग्णांचा चेहरा गोल होतो, पोटावर आणि मानेमागे चरबी साठते, हातपाय मात्र काटकुळे राहतात. आणि त्यांच्यापैकी फार मोठ्या हिश्श्याला नैराश्यही येते. कॉर्टिसॉल आटोक्यात आणल्यावर अनेकांचे मन सावरते. एकच संप्रेरक पोटाचा घेर आणि मनाची अवस्था अशा दोन्ही गोष्टी बदलू शकते, हे वाचले तेव्हा माझ्या दोन फायली पहिल्यांदा एकमेकींशेजारी आल्यासारख्या वाटल्या.

पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी या संप्रेरकाला विशेष दाद देते, कारण तिथे त्याचे ग्राही अधिक असतात. शिवाय चरबीच्या पेशींत एक विकर (एन्झाइम) असते, जे निष्क्रिय कॉर्टिसोनचे पुन्हा सक्रिय कॉर्टिसॉल करते. ज्यांच्या चरबीत हे विकर जास्त तयार होईल असे उंदीर संशोधकांनी जनुकीय बदल करून घडवले आणि २००१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या उंदरांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक वाढलेले नव्हते, तरीही त्यांच्या पोटात चरबी साठली आणि त्यांना मधुमेहासारखी लक्षणे आली. म्हणजे रक्ताचा अहवाल निर्दोष असतानाही चरबीच्या आत ताणाचे रसायन जास्त असू शकते.

चरबी म्हणजे नुसती साठवणीची कोठी, असे आपण शाळेत शिकलो. ती समजूत १९९४ साली मोडली. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन शोधून काढले. साठा किती आहे, हे मेंदूला कळवणारे हे संप्रेरक आहे. चरबी वाढली की लेप्टिनही वाढते आणि भूक कमी व्हायला हवी. पण लठ्ठपणात मेंदू त्या निरोपाला बधिर होतो आणि भरल्या कोठारातही टंचाई असल्यासारखे वागतो. लेप्टिनचे ग्राही भुकेच्या केंद्राबरोबरच हिप्पोकॅम्पसमध्ये आणि मेंदूतल्या डोपामिनच्या, म्हणजे आनंद आणि ओढ यांच्याशी जोडलेल्या रसायनाच्या, मार्गावरही आहेत, म्हणून या बधिरपणाचा मनःस्थितीशीही संबंध असावा, असे संशोधक मानतात. कॉर्टिसॉलचा निरोप आणि लेप्टिनचा निरोप, दोन्ही पाठवले जातात आणि दोन्ही ऐकले जात नाहीत. मला स्वतःला या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

प्रतिसाद: समतोल

लेख मन लावून वाचला आणि तुमच्या अनुभवाविषयी मला आदर आहे. तरीही एक शंका मांडतो. खर्चापेक्षा जास्त ऊर्जा पोटात गेल्याशिवाय वजन वाढत नाही. हा ऊर्जेचा नियम आहे आणि कोणतेही संप्रेरक त्याच्या बाहेर नाही. सर्व काही संप्रेरके ठरवतात असे सांगितले, तर आधीच खचलेला माणूस आपल्या हाती काहीच नाही असे समजून हातपाय गाळून बसेल, अशी मला भीती वाटते. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी खाण्याची नोंदवही ठेवून ११ किलो वजन कमी केले आहे. ते सोपे नव्हते, पण शक्य होते. इच्छाशक्तीला आपण या चर्चेतून पूर्ण वगळू नये.

प्रतिसाद: सांजसावली

समतोल, तुमची भीती मला समजते आणि ऊर्जेचा नियम मलाही मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, किती खायचे आणि किती हालचाल करायची हे ज्या मेंदूने ठरवायचे, त्याच्यापर्यंत पोहोचणारे निरोपच बदललेले असतात. झोपेचे उदाहरण घ्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिले आणि वेगळ्या वेळी दोन रात्री दहा तास झोपू दिले. कमी झोपेनंतर त्यांचे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, भूक वाढवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि त्यांनी स्वतः सांगितलेली भूक २४ टक्क्यांनी वाढली. त्यातही ओढ पिष्टमय आणि गोड पदार्थांची अधिक होती. या मुलांची इच्छाशक्ती दोन रात्रींत कुठे गेली नव्हती. नैराश्यात मी पहाटे तीनला जागी होत असे आणि तसे दोन रात्री नव्हे, दोन वर्षे चालले.

गोडच का हवेसे वाटते, यावर मेरी डॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक मांडणी केली. दीर्घ ताणात कॉर्टिसॉल गोड आणि तुपकट खाण्याची ओढ वाढवते आणि तसे खाऊन पोटात साठलेली चरबी मेंदूतली ताणाची यंत्रणा काहीशी शांत करते, असे त्यांचे म्हणणे आहे. हे प्रामुख्याने उंदरांवरच्या कामातून आलेले आहे, त्यामुळे ते माणसाला जसेच्या तसे लावता येणार नाही. तरीपण त्या संध्याकाळी माझा हात डब्याकडे का गेला, याचे मला पटलेले पहिले स्पष्टीकरण हेच होते. तो हात एका अर्थाने औषध शोधत होता.

आता नोंदवहीविषयी. २०१० साली जेनेट टोमियामा यांनी १२१ स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात तीन आठवडे दिवसाला १,२०० कॅलरींचा आहार पाळणाऱ्यांचे कॉर्टिसॉल वाढले आणि नुसत्या कॅलरी मोजून लिहिणाऱ्यांना ताण अधिक जाणवला. तुम्हाला नोंदवहीने आधार दिला, याचा मला मनापासून आनंद आहे. मला तिने रोज रात्री दोषारोपपत्र दिले.

प्रतिसाद: समतोल

हे १,२०० कॅलरींचे मला माहीत नव्हते. नोंदवही ठेवली त्या दिवसांत माझी झोप चांगली होती आणि मनावर मोठे ओझे नव्हते, हे आता लिहिताना जाणवते. इच्छाशक्तीविषयीचे माझे वाक्य मी त्या मर्यादेतच ठेवतो.

प्रतिसाद: दीपस्तंभ

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून धागालेखिकेच्या आवाहनाला प्रतिसाद देत आहे. त्यांनी लिहिलेले बहुतांशी बरोबर आहे. एक पुरवणी मात्र आवश्यक आहे: कुशिंगच्या आजाराप्रमाणे सर्वसाधारण लठ्ठपणात रक्तातले कॉर्टिसॉल वाढलेले असतेच असे नाही. लठ्ठ व्यक्तींच्या शरीरात कॉर्टिसॉलची निर्मिती आणि त्याचा निचरा दोन्ही वाढलेले असू शकतात, त्यामुळे रक्तातली पातळी पाहता ती सामान्यच दिसते.

कॉर्टिसॉलइतकाच महत्त्वाचा दुवा या धाग्यात अजून आलेला नाही, तो दाहाचा. जखम झाली की ती जागा लाल होते आणि सुजते, तो दाह ठळक असतो आणि काम झाले की विझतो. वाढलेल्या चरबीतला दाह मंद असतो आणि वर्षानुवर्षे धुमसत राहतो. १९९३ साली होतामिसलिगिल आणि स्पीगेलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ अल्फा हे दाहकारक रसायन निघते, असे दाखवले. २००३ साली दोन स्वतंत्र गटांनी त्यामागचे एक मोठे कारण सांगितले. चरबीच्या पेशी फुगत जातात, त्यांतल्या काही मरतात आणि त्यांच्याभोवती प्रतिकारशक्तीच्या महाभक्षक पेशी गोळा होतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर मेलेल्या चरबीपेशीभोवती या पेशींचे कडे मुकुटासारखे दिसते. तिथून टीएनएफ आणि इंटरल्युकिन ६ ही दाहकारक रसायने रक्तात उतरतात, मग यकृत सीआरपी हे प्रथिन वाढवते आणि साध्या रक्ततपासणीतही ते दिसू शकते.

हा दाह मनापर्यंत पोहोचतो का, याचे उत्तर आम्हाला रुग्णांकडूनच मिळाले, तेही त्यांनी सोसलेल्या त्रासातून. हिपॅटायटिस सी आणि काही कर्करोगांसाठी इंटरफेरॉन अल्फा हे औषध बराच काळ वापरले जात होते. इंटरफेरॉन म्हणजे शरीर स्वतःच संसर्गाच्या वेळी तयार करते ते रसायन. ज्यांना पूर्वी मनाचा कोणताही आजार नव्हता, अशांपैकीही अनेकांना या इंजेक्शनांच्या काळात खरेखुरे नैराश्य आले; एकूण रुग्णांपैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याला ते झाले. पहिल्या काही आठवड्यांत थकवा, भूक आणि झोप बिघडत असे आणि उदासी नंतर येत असे. २००१ साली असेही दिसले की, त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांना इंटरफेरॉन सुरू करण्याआधी पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध दिले, तर त्यांच्यात नैराश्याचे प्रमाण बरेच कमी राहिले. मी उमेदवारीच्या काळात असे रुग्ण पाहिले आहेत. "डॉक्टर, मला वाईट वाटण्यासारखे काहीच घडलेले नाही, तरी मला जगावेसे वाटत नाही," असे त्यांच्यापैकी एकाने मला सांगितले होते. ते वाक्य ऐकल्यापासून मनाचा आजार आणि शरीराचा आजार अशी विभागणी मी सोडून दिली.

यामागची एक रासायनिक वाट बऱ्यापैकी माहीत झाली आहे. मनःस्थितीशी जोडलेले सेरोटोनिन हे रसायन तयार करण्यासाठी शरीराला ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल लागते. दाह असला की आयडीओ नावाचे विकर जागे होते आणि हे ट्रिप्टोफॅन कायन्युरेनिन या दुसऱ्याच रसायनाकडे वळवते. पुढे मेंदूतल्या मायक्रोग्लिया या प्रतिकारशक्तीच्या पेशी कायन्युरेनिनपासून क्विनोलिनिक आम्ल तयार करतात, जे चेतापेशींना प्रमाणाबाहेर उत्तेजित करते. दाहकारक रसायने कॉर्टिसॉलच्या ग्राहींचे कामही बिघडवतात. "आता पुरे" हा निरोप ऐकला जात नाही, असे धागालेखिकेने लिहिले आहे. त्या बहिरेपणाचे एक कारण हे आहे.

प्रत्येक नैराश्यात दाह असतो, असे मात्र कोणी समजू नये. २०१३ साली औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफ रोखणाऱ्या औषधाची चाचणी झाली आणि एकूण गटाला त्याचा काहीही उपयोग झाला नाही. ज्यांचे सीआरपी सुरुवातीला ५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर होते, त्यांच्यात मात्र सुधारणेचा कल दिसला. ज्यांची भूक मरते, वजन उतरते आणि पहाटे जाग येते, त्यांच्यात कॉर्टिसॉलची यंत्रणा अधिक बिघडलेली सापडते. ज्यांची भूक आणि झोप वाढते, अंग जड होते, त्यांच्यात दाह आणि चयापचयाचा बिघाड अधिक सापडतो. अर्थात एकाच रुग्णात दोन्हींची सरमिसळही असते, जशी धागालेखिकेच्या वर्णनात दिसते आहे.

प्रतिसाद: काठावर

माझ्या पत्नीला नैराश्यावरचे औषध सुरू झाले आणि सहा महिन्यांत तिचे वजन नऊ किलोंनी वाढले. मन खूपच सावरले, पण ती आरशासमोर उभी राहणे टाळू लागली आणि एके दिवशी तिने मला न सांगता गोळ्या बंद केल्या. दहा दिवसांनी ते माझ्या लक्षात आले. वजन वाढू शकते, हे आम्हाला औषध देताना कोणीच सांगितले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते. दीपस्तंभ, ही वजनवाढ औषधाने होते की आजाराने, हे कसे ओळखावे? आणि ज्या औषधाने मन वाचते त्यानेच शरीर बिघडते, यातून मार्ग काय?

प्रतिसाद: दीपस्तंभ

काठावर, तुम्हाला हे आधी सांगायला हवे होते, यात शंका नाही. औषध सुरू करण्याच्या दिवशी वजन आणि कमरेचा घेर नोंदवून ठेवला आणि पहिल्या तीन महिन्यांत तो दरमहा पाहिला, तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळते. सुरुवातीच्या आठवड्यांतच वजन झपाट्याने चढू लागले तर औषधाचा वाटा मोठा असण्याची शक्यता असते. मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन आणि पॅरॉक्सेटिन यांनी वजन वाढण्याचा संभव अधिक असतो. बुप्रोपिऑनने ते सहसा वाढत नाही. औषध बदलता येते, मात्रा कमी करता येते, पण हे सारे डॉक्टरांशी बोलून आणि हळूहळू करावे लागते. गोळ्या एकाएकी बंद केल्या तर चक्कर, बेचैनी, झोपमोड असे त्रास होतात आणि नैराश्य उलटण्याचा धोका असतो. पत्नीला हे रागावून सांगू नका. वजनाची तक्रार ही औषध बदलण्यासाठी पुरेसे कारण आहे, हे त्यांना कळले तर त्यांना लपवावे लागणार नाही.

वजन उतरवणाऱ्या औषधांच्या बाबतीतही वैद्यकशास्त्राने याच ठिकाणी ठेच खाल्ली आहे. भूक आणि खाण्यातला आनंद ज्या कॅनाबिनॉइड ग्राहींवर अवलंबून असतो, ते बंद करणारे रिमोनाबंट हे औषध युरोपात २००६ साली मंजूर झाले. वजन खरोखर उतरत होते. परंतु ते घेणाऱ्यांत नैराश्य आणि इतर मानसिक त्रासांचे प्रमाण जवळपास दुप्पट आढळले आणि २००८ साली त्याची विक्री थांबवण्यात आली. अमेरिकेत त्याला मंजुरी मिळालीच नाही. आनंदाची आणि भुकेची तार एकच असेल, तर ती कापताना काय तुटेल याचा विचार आधी करायला हवा होता. सेमाग्लुटाइडसारखी आताची औषधे वेगळ्या मार्गाने काम करतात. त्यांच्याविषयीही आत्महत्येच्या विचारांची शंका आली होती. उपलब्ध पुराव्यावरून तसा कार्यकारणसंबंध दिसत नाही, असा निष्कर्ष युरोपीय औषध नियामकांनी २०२४ साली काढला. तरीही मी अशा रुग्णांना प्रत्येक भेटीत मनाविषयी विचारते. शस्त्रक्रियेच्या बाबतीतही तेच. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचे एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी होते, पण अपघात, आत्महत्या यांसारख्या आजाराव्यतिरिक्त कारणांनी झालेले मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक होते. शस्त्रक्रिया करू नये, असा याचा अर्थ नाही; शस्त्रक्रियेनंतर मनाकडे लक्ष देणे थांबवू नये, असा आहे.

प्रतिसाद: बीजांकुर

मी जनुकशास्त्राचा विद्यार्थी आहे. वर जे आले आहे त्याला एक वेगळी बाजू जोडावीशी वाटते. वजन वाढवणारी जनुके जन्मतःच ठरतात, नंतरच्या नैराश्याने ती बदलत नाहीत. म्हणून ती जनुके असणाऱ्यांत नैराश्य अधिक आढळले, तर वजनाचा त्यात वाटा आहे असे अधिक खात्रीने म्हणता येते. ब्रिटनमधल्या यूके बायोबँक या लाखो लोकांच्या जनुकीय आणि आरोग्यविषयक माहितीच्या संग्रहावर जेसिका टायरेल आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली हेच तपासले. त्यांनी एक जास्तीचे पाऊल टाकले. काही जनुकीय प्रकार असे आहेत की, त्यांनी चरबी वाढते, पण मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढत नाही. अशा प्रकारच्या जनुकांचाही नैराश्याशी संबंध निघाला आणि स्त्रियांमध्ये एकंदर परिणाम अधिक ठळक होता.

याचा अर्थ मला फार गंभीर वाटतो. चयापचय बिघडलेले नसतानाही वजनामुळे मन खचत असेल, तर त्या मनाला काहीतरी बाहेरून लागते आहे. लोकांचे बोलणे, नजरा, नोकरीच्या मुलाखतीतली अढी हे सगळे त्यात आले. आणि तेही शेवटी शरीरातच उतरते: लठ्ठ व्यक्तींची हेटाळणी करणारी दृश्ये पाहिल्यावर स्त्रियांच्या लाळेतले कॉर्टिसॉल वाढलेले राहते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. "जिभेवर ताबा ठेवा" या वाक्याचे रसायन असे आहे.

प्रतिसाद: ओंजळ

मी समुपदेशनाचे काम करते. ताणाचा विचार करताना आपण नोकरी आणि घरातली ओढाताण एवढेच धरतो, म्हणून एक जुनी हकीकत सांगते. १९८०च्या दशकात अमेरिकेतील सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी लठ्ठपणावरचा एक उपचार कार्यक्रम चालवत होते. वजन उत्तम उतरत असतानाच अनेक जण तो सोडून जात, याचे त्यांना कोडे पडले. त्यांनी सोडून गेलेल्यांना बोलावून त्यांचे पूर्वायुष्य विचारले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी बालपणी लैंगिक अत्याचार सोसल्याचे समोर आले. काहींच्या दृष्टीने वजन ही त्यांची अडचण नव्हतीच, ते त्यांचे चिलखत होते. त्यातून पुढे रॉबर्ट अँडा यांच्यासोबत बालपणातल्या आघातांचा मोठा अभ्यास झाला आणि त्याचा पहिला निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत दारूचे व्यसन, अमली पदार्थांचे सेवन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी अधिक आढळला आणि तीव्र लठ्ठपणा व हालचालीचा अभाव १.४ ते १.६ पटींनी अधिक आढळला.

माझ्यासमोर बसलेल्या व्यक्तीला मी वजनाविषयी कधी पहिल्या भेटीत विचारत नाही. तिसऱ्या किंवा चौथ्या भेटीत, तिला सोयीचे असेल तेव्हा, "वजन वाढू लागले त्या वर्षी आणखी काय काय चालले होते?" एवढेच विचारते. या एका प्रश्नानंतर कितीदा तरी खोलीत बराच वेळ शांतता पसरते.

प्रतिसाद: काठावर

सर्वांचे आभार. एक शेवटचा प्रश्न: पत्नीचे कॉर्टिसॉल एकदा तपासून घ्यावे का? बाहेर प्रयोगशाळांच्या जाहिराती दिसतात.

प्रतिसाद: दीपस्तंभ

एकदा रक्त काढून तपासलेले कॉर्टिसॉल फारसे काही सांगत नाही. जाग आल्यानंतर साधारण अर्ध्या ते पाऊण तासात ते सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी, त्यामुळे सुई कधी टोचली यावरच आकडा बदलतो. संशोधनात त्यासाठी केसांचा उपयोग करतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून टाळूलगतचा दोन सेंटिमीटरचा तुकडा मागच्या दोन महिन्यांतले कॉर्टिसॉल दाखवतो. इंग्लंडमध्ये वयस्कर लोकांच्या अशा केसांच्या तपासणीत २,५२७ जणांचा समावेश होता आणि ज्यांच्या केसांत कॉर्टिसॉल अधिक, त्यांचे वजन आणि कमरेचा घेरही अधिक आढळला. परंतु ही पद्धत अजून संशोधनाची आहे, एका रुग्णाचा उपचार त्यावर ठरवता येत नाही. पोटावर जांभळे रुंद पट्टे, साध्या धक्क्याने पडणारे काळेनिळे डाग, खुर्चीतून उठताना मांड्यांत बळ नसणे, अशी लक्षणे असतील तर मात्र कुशिंगच्या आजारासाठी ठरावीक तपासण्या जरूर कराव्यात. तशी लक्षणे नसतील तर त्या पैशांत थायरॉइड, उपाशीपोटीची साखर आणि चरबीचे प्रमाण तपासून घ्या, आणि झोपेत घोरणे किंवा श्वास अडकणे होते का, हे तुम्ही स्वतः दोनतीन रात्री जागून पाहा. झोपेत श्वास अडकणे लठ्ठपणात अनेकदा आढळते, ते नैराश्यासारखीच लक्षणे निर्माण करते आणि त्याकडे फार वेळा दुर्लक्ष होते.

प्रतिसाद: सांजसावली

घोरण्याविषयी मला कोणीच विचारले नव्हते. मी एकटी राहते, त्यामुळे मला ते कळणारही नव्हते, मागच्या महिन्यात बहीण मुक्कामाला आली तेव्हा सकाळी म्हणाली, "ताई, रात्री तुझा श्वास मधेच थांबतो गं, मी घाबरून उठून बसले होते." तेव्हा मी ते हसण्यावारी नेले. आज दोन्ही फायलींतल्या पानांच्या प्रती काढून एकाच फाईलमध्ये तारखेनुसार लावल्या आहेत. औषधाची मात्रा वाढली तो महिना आणि वजन चढू लागले तो महिना एकाच पानावर दिसतो आहे. सोमवारी मनोविकारतज्ज्ञांची वेळ आहे. पहिल्या पानावर बहिणीचे वाक्य तिच्याच शब्दांत लिहून ठेवले आहे आणि त्याखाली औषधाविषयीचा प्रश्न. तिथे काय ठरते, ते इथे येऊन लिहीन.